बोट लागली, असं मला वाटलं



मागच्या महिन्यात मधुमेहाच्या गोळ्यांवर लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, "डॉक्टर, शुगर एकदम कमी झाली हे ओळखायचं कसं?" त्याचं पुस्तकी उत्तर दोन ओळींत देता येतं. पण एकदा मी स्वतः ते ओळखू शकलो नाही, आणि तेव्हा पेशंट माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. ते सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होणार नाही.

पेशंट म्हणजे माझे मित्रच. निवृत्त मुख्याध्यापक, वय ६८. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही इथे सरच म्हणतो. लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे. अट एकच, नाव नको. बारा वर्षांपासून त्यांची शुगर आणि बीपी मीच बघतो. म्हणजे पुढे जे काही झालं, त्यातलं प्रिस्क्रिप्शनही माझंच होतं.

सरांचा मुलगा अमेरिकेत फ्लोरिडात टॅम्पाला असतो. तिथे समुद्राचा मोठा उबदार उपसागर आहे आणि गळाने मासे धरायला माणसांना घेऊन जाणारे परवानाधारक कप्तान आहेत. मुलगा एकदा अशा सहलीला गेला आणि हातात मोठा मासा धरलेला व्हिडिओ बापाला पाठवला. झालं! सर लहानपणी नेवाशाला प्रवरेत गळ टाकून बसायचे, ती हौस साठ वर्षांनी परत जागी झाली. उन्हाळ्यात मुलाकडे जायचं होतं. त्याआधी थोडा सराव हवा म्हणून त्यांनी रॉड-रील मागवलं, मुळा धरणावर दोन-तीन रविवार घालवले. मग म्हणाले, "गोड्या पाण्यात काय शिकणार? खाऱ्या पाण्यात गेलं पाहिजे." नगरहून खारं पाणी जवळ नाही. फेब्रुवारीत आम्ही तिघे मित्र गाडी काढून मालवणला निघालो. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली. अर्धा रस्ता सर गऱ्यांचे नंबर समजावून सांगत होते.

देवबाग ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तारकर्लीच्या पुढे जमिनीची एक चिंचोळी पट्टी दक्षिणेला गेली आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि पट्टी संपते तिथे दोन्हींचा संगम. पलीकडे भोगवे. खाडीच्या कडेला कांदळवन, पाणी उथळ आणि कोमट. मुलाच्या व्हिडिओतला उपसागर आणि हे पाणी यांत मला तरी फार फरक दिसला नाही. फरक माणसात होता. तिकडे कप्तान, इकडे आमचे तांडेल. चाळिशीतला गडी, वडिलोपार्जित धंदा मासेमारीचा. हंगामात पर्यटकांना डॉल्फिन दाखवतो आणि कोणी हौशी भेटला तर गरवायला नेतो. गरीने मासे धरण्याला तिकडे गरवणं म्हणतात.

आदल्या संध्याकाळी त्याने नियम सांगितले. मालवणच्या किल्ल्याच्या आसपासचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, तिकडे गरी टाकायची नाही. लाइफ जॅकेट अंगावरून काढायचं नाही. पहाटे मतलई वारा असतो, पाणी शांत असतं, तेव्हा निघायचं आणि उन्हं चढून वारा फिरायच्या आत परत यायचं. भरती सुरू होताना मासा खाडीत शिरतो, तेव्हा संगमाजवळ तंगूस सोडायची. आमिष कोळंबीचं. तांबोशी, हेकरू लागतील, नशीब असेल तर खजुरी. "आणि शिंगाळो गावलो तर त्येका कोणी हात लावूचो नाय," असं त्याने बजावलं.

मला हे सगळं माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. मी घरून तयारी करून गेलो होतो. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे काटे असतात. ते करवतीसारखे दातेरी असतात आणि त्यांना विषही असतं. काटा लागला की वेदना भयंकर होतात. उपाय साधा आहे. तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी आधी चांगल्या हाताने तपासायचं, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. मधुमेहाने ज्यांच्या पायांना बधिरपणा आलाय त्यांनी तर पाणी दुसऱ्याकडूनच तपासून घ्यावं. नंतर धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि काटा आत तुटला असेल अशी शंका आली तर एक्स-रे. हे सगळं मी गाडीत मित्रांना ऐकवून झालं होतं. बॅगेत चिमटा, पट्ट्या, अँटिबायोटिक, सनस्क्रीन होतं. गरी बोटात रुतली तर ती कापायला पक्कडसुद्धा होती! आणि बोट लागू नये म्हणून मळमळीच्या गोळ्या. ग्लुकोमीटर मात्र खोलीवर दुसऱ्या बॅगेत राहिला. त्याची गरज पडेल असं मनातही आलं नाही.

सरांना बोट लागायची फार धास्ती होती. रात्री विचारलं, "सकाळी खाऊ का नको?" मी म्हणालो, "हलकंच खा, पोट गच्च भरू नका." त्यांनी ऐकलं ते असं की खाऊच नका. रात्री आठला थोडा भात आणि मुडदुशांची आमटी घेतलेली. पहाटे साडेपाचला बिनसाखरेचा कोरा चहा, त्याबरोबर मी दिलेली मळमळीची गोळी. आणि पावणेसहाला, रोजच्या शिस्तीने, बीपीची आणि शुगरची गोळी. ही शिस्तही मीच लावलेली. "सर, गोळी कधी चुकवायची नाही," हे वाक्य मी त्यांना बारा वर्षांत शंभर वेळा तरी म्हटलं असेल. जेवण चुकलं तर काय करायचं, हे एकदा सांगितलं होतं, पहिल्या वर्षी.

साडेसहाला निघालो. सकाळ सुरेख होती. पहिल्या तासाभरात तिसऱ्या मित्राला एक लहान हेकरू लागला, मला काही नाही, सरांचं आमिष दोनदा कोणीतरी खाऊन गेलं. सर भरपूर बोलत होते. तंगूस किती ढिली ठेवायची यावर त्यांनी तांडेलाशीही वाद घातला.

पावणेनऊच्या सुमाराला ते गप्प झाले. जांभया येऊ लागल्या. नऊ वाजता कपाळावर घाम, चेहरा पांढरा. मी विचारलं, "मळमळतंय का?" त्यांनी मान हलवली, हो की नाही ते नीट कळलं नाही. मी मनात निदान करून टाकलं: बोट लागली. जांभया, फिकट चेहरा, थंड घाम, तिन्ही गोष्टी बोट लागण्यात असतात. झापड आली, तर मळमळीच्या गोळीने झापड येतेच. नाडी पाहिली, ७२, एकदम नियमित. निर्धास्त झालो. त्यांना म्हणालो, लांब क्षितिजाकडे बघा, खोल श्वास घ्या. टोपीवर पाणी मारलं. आणि परत माझ्या तंगुशीकडे वळलो. वीस मिनिटं.

या वीस मिनिटांबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. ७२ च्या नाडीने मी फसलो. शुगर कमी झाली की शरीर ॲड्रिनॅलीन सोडतं, त्याने छाती धडधडते, हात कापतात, घाम सुटतो. पण सर बीपीसाठी मेटोप्रोलॉल घेतात. ही बीटा ब्लॉकर गटातली गोळी धडधड आणि कंप झाकून टाकते. घाम मात्र झाकत नाही. म्हणजे घंटा वाजवणाऱ्या तीन खुणांपैकी दोन मीच बंद करून ठेवल्या होत्या, आणि तिसरी समोर वाहत होती. ती मी टोपीवर पाणी मारून पुसली. ओपीडीत कोणी असा पेशंट आणला असता तर मी पहिलं वाक्य "शुगर बघा" असंच बोललो असतो. पण बोटीवर मी बोटीचे आजार शोधत होतो.

सव्वानऊ-साडेनऊच्या दरम्यान सरांच्या रॉडला मासा लागला. रॉड वाकला, रील कर्र करून फिरू लागलं. ज्या क्षणासाठी सर नगरहून आले होते तो हा क्षण. ते रॉडकडे नुसते बघत राहिले. रॉड हातातून सुटणार तेवढ्यात तांडेलाने तो पकडला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "डॉक्टर, ह्यां बोट लागलेलां नाय. बोट लागलेल्या माणसाक सुद्धा मासो लागलो काय हुशारी येता. ह्येंचा कायतरी येगळाच दिसता."

मी सरांजवळ सरकलो. "सर, आपण कुठे आलोय?"

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "घंटा झाली का?"

पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मळमळणारा माणूस त्रासलेला असतो, चिडलेला असतो, पण आपण कुठे आहोत हे त्याला पक्कं माहीत असतं. मेंदूचं इंधन ग्लुकोज आहे. ते कमी पडलं की माणूस भलतंच बोलतो, विनाकारण रागावतो, हट्ट करतो, किंवा असा शून्यात बघत बसतो. घरच्यांना कधी कधी वाटतं, म्हाताऱ्याला चाळे सुचतायत. रात्री असं झालेला पेशंट दारू प्यायला असं समजून लोक त्याला झोपू देतात.

तांडेलाने तोवर नांगर उचलून इंजिन चालू केलं होतं. किनारा वीस-पंचवीस मिनिटांवर. सरांना गिळता येत होतं, हे मी एक घोट पाणी देऊन पाहिलं. तांडेलाच्या थर्मासमध्ये साखर घातलेला चहा होता, तो कोमट करून घोटघोट पाजला, कपभर. बिस्किटं होती, तीही भिजवून दोन दिली. नियम असा की १५ ग्रॅम साखर द्यायची, १५ मिनिटं थांबायचं. घड्याळ लावून बसलो. दहा मिनिटं झाली, बारा झाली. सर तसेच, उलट मान आणखी झुकायला लागली.

आणि तेव्हा मला गोळीच्या पाकिटावरचं नाव डोळ्यांसमोर आलं. त्या नावाच्या शेवटी 'व्ही' आहे.

आपल्याकडे मधुमेहाच्या एका गोळीत तीन औषधं एकत्र मिळतात. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात की नाही हे ते विचारत नाही. शुगर खाली नेणारं मुख्य औषध हेच. मेटफॉर्मिन एकट्याने सहसा शुगर इतकी पाडत नाही. व्होग्लिबोजचं काम वेगळं आहे. आपली रोजची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. पिठातही ग्लुकोजच्या लांब साखळ्या असतात. लहान आतड्यातले पाचक रस त्या तोडतात, मगच ग्लुकोज रक्तात जातं. व्होग्लिबोज हे तोडण्याचं काम हळू करतं, म्हणजे जेवणानंतर शुगर एकदम चढत नाही. चांगलंच काम आहे. पण शुगर पडलेली असताना तुम्ही या माणसाला साखरेचा चहा पाजला, तर ती साखरही आतड्यात तशीच रेंगाळते. बिस्किटांवर 'ग्लुकोज' लिहिलेलं असलं तरी ती मैदा आणि साखरच. अशा पेशंटला सुटं ग्लुकोजच द्यावं लागतं. ग्लुकोजची पावडर, तीन चमचे पाण्यातून. हे मी परीक्षेत लिहिलं आहे, विद्यार्थ्यांना शिकवलं आहे. बोटीवर पावडर नव्हती.

द्राक्षं होती. येताना नाशिकची द्राक्षं घेतली होती, त्यातली किलोभर डब्यात भरून बोटीवर आणलेली, कोणी हात लावला नव्हता. शाळेत मराठी विज्ञानाच्या पुस्तकात ग्लुकोजला एक शब्द होता, द्राक्षशर्करा. तो शब्द मला त्या बोटीवर किती वर्षांनी आठवला कोण जाणे. द्राक्षात साखर असते ती जोडीने नसते, सुटीच असते. १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण ७ ग्रॅम ग्लुकोज आणि जवळपास तितकंच फ्रुक्टोज. तोडायचं काम नाही. म्हणजे पाव किलोच्या आसपास रस काढला की भागलं. झापडीत असलेल्या माणसाला अख्खी द्राक्षं देणं धोक्याचं, घशात अडकतील. आमच्या तिसऱ्या मित्राने स्टीलच्या डब्यात मूठमूठ द्राक्षं चुरगळली, सालं हाताने बाजूला धरली, आणि मी तो रस चमच्याचमच्याने पाजला. दोन्ही हात रसाने आणि कोळंबीच्या वासाने भरलेले. स्वच्छतेचं नाव काढू नका.

आणखी दहा-बारा मिनिटांनी सरांनी मान वर केली, आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "माझा रॉड कुठाय?"

तांडेलाने पायाजवळची टोपली दाखवली. दीडेक किलोची तांबोशी. सरांना मासा लागलेला आठवत नव्हता. आजही आठवत नाही.

खोलीवर आल्यावर ग्लुकोमीटर लावला, ६८. म्हणजे चहा, बिस्किटं, द्राक्षं सगळं पोटात गेल्यावर ६८. बोटीवर ती कितीपर्यंत गेली होती, कल्पनाच केलेली बरी. तांडेलाच्या घरून पेज आली, ती पोटभर खाल्ली. सर म्हणाले, "आता मी ठणठणीत आहे, दुपारी परत जाऊ." मी त्यांना जवळच्या दवाखान्यात घेऊन गेलो. ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर टिकू शकतो, त्यामुळे एकदा सावरलेली शुगर परत घसरते. हे लोकांना माहीत नसतं. चहा घेतला, बरं वाटलं, आणि माणूस झोपी गेला, हा प्रसंग सर्वांत वाईट. तसंच झालं. दुपारी जेवण होऊनही तीनला शुगर ७४. रात्रभर दर दोन-तीन तासांनी तपासत राहिलो. पहाटे ती १३० वर स्थिरावली.

दवाखान्यात रक्त तपासलं त्यात क्रिएटिनिन १.६ आलं. हे खरं कारण होतं. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की ग्लिमेपिराइडसारखं औषध आणि त्यापासून बनणारे घटक शरीरात जास्त वेळ राहतात. पाच वर्षांपूर्वी सरांना जो डोस बरोबर होता तो आता जास्त झाला होता. शेवटचं क्रिएटिनिन कधी केलं होतं हे मी नगरला परत आल्यावर फाइलमध्ये पाहिलं. एक वर्ष आणि सात महिने. शुगर दर तीन महिन्यांनी, बीपी दर महिन्याला. क्रिएटिनिन राहून गेलं. सर शिस्तीचे पेशंट, शुगर कायम छान, म्हणून कोणी विचारलं नाही, म्हणजे मीच विचारलं नाही. त्यांचं ग्लिमेपिराइड मी बंद केलं. आता ते ज्या गोळ्यांवर आहेत त्यांनी शुगर थोडी जास्त राहते, जेवणाआधी १४० वगैरे. ६८ व्या वर्षी मला ती चालते. सरांना चालत नाही, ते अजूनही १०५ च्या आठवणी काढतात.

आपल्याला समुद्र नाही, पण असे प्रसंग आपल्याकडेही घडतात. नवरात्रात पहाटे मोहट्याला पायी निघालेली माणसं, शिर्डीच्या पालखीत चालणारी, एकादशीला गोळी घेऊन उपास करणारी, पुण्याची पहिली एसटी पकडायला उपाशी निघणारी. गोळी घेतली, खाणं पुढे गेलं, श्रम झाले. तुमच्या गोळीच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते एकदा चष्मा लावून वाचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही असेल तर खाणं समोर आल्याशिवाय गोळी तोंडात टाकायची नाही. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर खिशात साखर किंवा चॉकलेट नको, ग्लुकोज पावडरची पुडी हवी. सोबतच्या माणसाला ती कुठे आहे हे माहीत हवं, कारण वेळ येते तेव्हा तुम्हाला स्वतःला ते आठवणार नाही. माणूस बेशुद्ध असेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. शिरेतून ग्लुकोज द्यावं लागतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तांडेल पैसे घ्यायला आला. ठरले होते त्यातले निम्मेच घेतले, म्हणाला, अर्धीच फेरी झाली. आम्ही आग्रह करत असताना त्याने खिशातून गोळ्यांची एक पट्टी काढली. कोपरे दुमडलेली, पाच गोळ्या शिल्लक.

"माझी आवस हीच खाता," तो म्हणाला. "सोमवार धरता ती. रातीपर्यंत कायव खाणा नाय. चलात?"

मी पट्टी उलटी करून वाचली. तीन नावं होती. त्यांच्या डॉक्टरांचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता. तिथेच ओसरीवर बसून मी तो लावला.